‘ॲम्बिशस’ म्हणजे कौतुक, नकार की काळजी?

वाचकाचं पत्र:

ताई, मी नागपूरला नंदनवनात राहते. सिव्हिल इंजिनिअरिंग करून दोन वर्षं नोकरी केली. आता इंग्लंडला जाऊन पाण्याच्या विषयात मास्टर्स करायचं मनात आहे. तिथल्या एका प्राध्यापकांना प्रबंधाचा आराखडा पाठवला होता: नागपुरातल्या सगळ्या तलावांच्या पाण्याची तपासणी, नाग नदीचा उगमापासून कन्हान नदीपर्यंत अभ्यास, आणि सप्टेंबर २०२३ च्या पुराची कारणमीमांसा. त्या पुरानंतर अंबाझरी लेआउटमध्ये आत्याच्या घरातला चिखल काढायला गेले होते, तेव्हा भिंतीवरची पाण्याची रेघ टेपने मोजून फोनमध्ये लिहून ठेवली होती. तेव्हापासून हे डोक्यात आहे.

प्राध्यापकांचं उत्तर आलं. तीनच वाक्यं. ‘धिस इज ॲन ॲम्बिशस प्रपोजल. यू मे वाँट टू थिंक अबाउट व्हॉट कॅन बी डन इन अ वन-इयर मास्टर्स. आय वुड बी हॅपी टू लुक ॲट अ रिव्हाइज्ड व्हर्जन.’ बाबांनी लगेच संत्रा बर्फी आणली. पुण्यात आयटीत असलेली मैत्रीण म्हणाली, ‘अगं, हा सभ्य नकार आहे.’ त्याच आठवड्यात महाल भागात राहणारी मावशी आईला म्हणाली, ‘पोरगी जरा जास्तच ॲम्बिशस होऊन राहिली ना बाप्पा, आता स्थळं कशी पाहायची?’

शिवाय अर्जासोबतच्या निबंधात मी ‘आय ॲम अ व्हेरी ॲम्बिशस पर्सन’ असं लिहिलं होतं. क्लासच्या सरांनी ते खोडून ‘ॲस्पायरिंग’ केलं. मित्र म्हणतो ‘ॲस्पिरेशनल’ भारदस्त वाटेल. काय लिहू? प्राध्यापकांना उत्तर काय देऊ? आणि मावशीला?

– एक वाचक, नंदनवन

उत्तर:

बेटा,

आधी मेलचं बघू, कारण तिकडे कुणीतरी तुझ्या उत्तराची वाट पाहतंय. हा नकार नाही, तेव्हा बाबांची बर्फी वाया गेलेली नाही. पण त्या मेलमध्ये तुला एक काम दिलेलं आहे, आणि पत्रावरून दिसतं की ‘ॲम्बिशस’ या एका शब्दावर घरभर चर्चा झाली तरी त्या कामाला कुणीच हात लावलेला नाही.

पहिलं वाक्य सुटं काढून वाचलं तर त्यातून काहीच ठरत नाही. योजनेला, आराखड्याला, वेळापत्रकाला इंग्रजीत ‘ॲम्बिशस’ म्हणतात तेव्हा बोलणारा एवढंच सांगत असतो की हाताशी जितका वेळ, पैसा आणि माणसं आहेत त्यांच्या मानाने हे काम मोठं आहे. मोठं म्हणून छान, की मोठं म्हणून अवघड, याचा निकाल शेजारचे शब्द लावतात. नुसतं ‘ॲम्बिशस’ बहुतेक वेळा आदराचं असतं. आधी ‘रादर’ किंवा ‘अ बिट’ आलं की शंका डोकावते. ‘ओव्हर’ जोडलं की टीकाच. ‘ओव्हर-ॲम्बिशस’ला कौतुकाचा अर्थ कधीच नसतो. आणि पुढे ‘बट’ आलं, तर खरं बोलणं ‘बट’नंतर सुरू होतं.

तुझ्या मेलमध्ये यातलं काही नाही. तिथे आहे ते दुसरं वाक्य, आणि सगळ्यात जास्त लक्ष द्यायचं ते त्याच्याकडे. ‘यू मे वाँट टू’ हे ऐकायला अगदी मऊ वाटतं, जणू वाटलं तर करा, नाही तर राहू द्या. पण इंग्लंडमधल्या प्राध्यापकाने विद्यार्थ्याला असं लिहिलं की त्याचा अर्थ ‘हे कर’ असाच घ्यायचा. आपल्याकडे गाइड थेट म्हणतात, ‘विषय छोटा करून आण.’ तेच इथे सांगितलं आहे, फक्त मोजमापासकट: एका वर्षाच्या मास्टर्समध्ये काय होईल ते बघ.

तिसरं वाक्य वाचल्यावर मैत्रिणीचा अर्थ टिकत नाही. नकार देणारा माणूस सुधारलेला आराखडा मागत नाही. तो शुभेच्छा देतो, आपल्याकडे जागा नाही म्हणतो किंवा आपला विषय वेगळा आहे असं सांगून दुसऱ्या कुणाचं नाव सुचवतो. ‘पुन्हा पाठवलंस तर वाचेन’ हे ओळखपाळख नसलेल्या विद्यार्थिनीला सहसा कुणी उगाच लिहीत नाही, कारण वाचायला वेळ त्यालाच काढावा लागतो.

मैत्रिणीला मात्र दोष देऊ नकोस. ती जे म्हणाली ते तिच्या कामाच्या जागी खरं आहे. क्लायंटच्या कॉलवर ‘दॅट्स ॲन ॲम्बिशस टाइमलाइन’ असं कुणी म्हटलं की ऐकणारे समजून जातात, या तारखेवर कुणाचा विश्वास नाही. रोज तेच कानावर पडत असेल तर मेलमधला शब्दही तसाच ऐकू येणार. बाबांचंही तेच झालं, फक्त उलट दिशेने. बाबा मराठी पेपर वाचतात. तिथे ‘महत्त्वाकांक्षी प्रकल्प’ म्हणजे मेट्रो, मिहान, नागपूर–मुंबई समृद्धी महामार्ग. ७०१ किलोमीटरचा रस्ता, त्याला वर्षानुवर्षं हेच विशेषण लागत आलं आणि ते कायम अभिमानाने लागलं. लेकीच्या आराखड्याला इंग्लंडहून तोच शब्द आला, तर बाप बर्फी आणणारच.

आता ज्यांनी शब्द वापरला त्यांच्या जगात तो कसा चालतो ते बघ. संशोधनाच्या आणि हवामानाच्या क्षेत्रात ‘ॲम्बिशन’ ही मागितली जाणारी गोष्ट आहे. युरोपीय संघाच्या ‘होरायझन युरोप’ या संशोधन निधीत प्रस्ताव तपासताना ज्या कसोट्या लावतात, त्यात काम किती ॲम्बिशस आहे आणि आजवरच्या ज्ञानाच्या पुढे किती जातं, हे लिहूनच ठेवलेलं आहे. २०१५ च्या पॅरिस कराराच्या तिसऱ्या कलमात देशांनी ‘ॲम्बिशस’ प्रयत्न हाती घ्यावेत असं म्हटलंय, आणि चौथ्या कलमात प्रत्येक देशाच्या योजनेत त्याची ‘हायेस्ट पॉसिबल ॲम्बिशन’ दिसावी अशी अपेक्षा आहे. पाण्यावर काम करणारा प्राध्यापक याच भाषेत वावरत असतो. म्हणून पहिलं वाक्य मी असं वाचते: विषयात दम आहे, आवाका मोठा आहे. आणि दुसरं असं: आवाका कमी कर.

या शब्दाला दोन रंग आहेत ते आजकालचे नाहीत. लॅटिनमध्ये ‘अंबिरे’ म्हणजे भोवती फिरणं. रोममध्ये निवडणुकीला उभे राहणारे लोक पांढऱ्याशुभ्र केलेल्या वस्त्रात बाजारचौकातून फिरायचे, हात मिळवायचे, मतं मागायचे. ‘कँडिडेट’ हा शब्दही त्या पांढऱ्या रंगावरूनच आला. याच मुळातून ‘अंबिटस’ हा शब्द मतांसाठी लाच देण्याच्या गुन्ह्याचं नाव झाला, आणि इसवी सनपूर्व ६३ मध्ये कॉन्सल, म्हणजे रोमच्या सर्वोच्च पदावर असलेल्या सिसेरोने त्यावर दहा वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा आणली. इंग्रजीत शब्द आला तोही बराच काळ मानासाठी हपापलेला माणूस याच अर्थाने चालला. शेक्सपिअरच्या ‘ज्युलिअस सीझर’मध्ये ब्रूटस लोकांसमोर उभा राहतो आणि सीझरला का मारलं याचं कारण देतो, ते हेच: तो ॲम्बिशस होता. तिथे हा खुनाचं समर्थन होऊ शकेल इतका गंभीर आरोप आहे. पुढे काळ बदलला, व्यापारउदीम वाढला, स्वतःच्या हिमतीवर वर येणाऱ्या माणसाला प्रतिष्ठा मिळाली आणि शब्दही उजळला. पण जुना डाग पूर्ण गेला नाही. माणसाबद्दल बोलताना, विशेषतः पाठीमागे बोलताना, ‘शी इज व्हेरी ॲम्बिशस’ यात अजूनही ‘स्वतःचंच बघते’ असा सूर लागू शकतो.

आणि इथे मावशी येतात.

मावशींच्या वाक्यातही शेजारचा शब्द बघ: ‘स्थळं’. त्यांनी तुझ्या हुशारीवर किंवा आराखड्यावर काही म्हटलेलं नाही. त्यांनी काळजी बोलून दाखवली आणि त्या काळजीला इंग्रजी शब्दाचं पांघरूण घातलं. आपल्या घरांमधून हे नेहमी होतं. मुलगा बाहेर शिकायला निघाला की ‘पोरगा पुढे जाईल’. मुलगी निघाली की ‘पोरगी ॲम्बिशस आहे’. कृती तीच, पण मुलाला साधं मराठी वाक्य मिळतं आणि मुलीला विशेषण चिकटतं. हे मला मान्य नाही आणि कधीच नव्हतं. मुलीने मोठं काम मनात धरलं की घराने आधी तारखा, पैसे, राहण्याची सोय विचारावी. स्थळाचा विषय त्या रांगेत बराच मागे.

हे मी नागपुरात बसून लिहिते आहे म्हणून तुला याच शहरातली एक गोष्ट सांगते. जुलै १९४२ मध्ये इथे दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली होती. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या बायकांसमोर बोलले. त्या भाषणाची जी इंग्रजी नोंद प्रसिद्ध आहे, तिच्यात ते बायकांना स्वच्छ राहा, व्यसनांपासून लांब राहा, मुलांना शिकवा असं सांगतात, आणि लगेच पुढे: त्यांच्यात महत्त्वाकांक्षा रुजवा, आपण मोठे होणार आहोत हे त्यांच्या मनावर ठसवा. तिथे शब्द ‘ॲम्बिशन’ हाच आहे. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना ‘आपल्या पायरीने राहा’ एवढंच ऐकवलं गेलं, त्यांच्यासमोर तो शब्द उच्चारला गेला, आणि तोही आयांकडे जबाबदारी म्हणून सोपवला गेला. त्याच भाषणात लग्न केलेल्या मुलीने नवऱ्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीने उभं राहावं, दासी होऊ नये, असंही आहे. लग्न आणि महत्त्वाकांक्षा ही दोन्ही एकाच भाषणात, एकमेकींची वैरीण न होता. ऐंशीहून जास्त वर्षं झाली त्याला. मावशी ज्या शहरात राहतात त्याच शहरात हे बोललं गेलं आहे.

तरी हे भाषण मावशींना ऐकवायला जाऊ नकोस. मोठ्यांना इतिहास ऐकवला की ते गप्प बसतात, पटत मात्र नाही. त्यांच्याशी वाद घालण्याचं कामही तुझं नाही. तू आईशी बोल, कारण मावशींचं वाक्य आईच्या मनात राहिलं असणार. तिला नेमकं सांग: कोर्स एक वर्षाचा आहे, कोणत्या महिन्यात जायचं, कधी संपतो, फी किती, किती कर्ज, किती तुझ्या नोकरीतली शिल्लक, राहणार कुठे. कागदावर लिहून दे. आईला भीती ‘पोरगी हातची जाते की काय’ अशा आकार नसलेल्या गोष्टीची असते. महिने आणि आकडे समोर आले की पुढच्या वेळी मावशींना उत्तर आईच देईल, आणि ते तुझ्या उत्तरापेक्षा जास्त चालेल.

आता निबंधातलं वाक्य. सरांनी ‘ॲम्बिशस’ खोडलं ते ठीक केलं, पण त्याजागी जे घातलं ते चालणार नाही. ‘ॲस्पायरिंग’ हा शब्द एकटा उभा राहत नाही. त्याच्या पुढे माणसाला काय व्हायचं आहे ते नाव लागतं: ॲस्पायरिंग गायिका, ॲस्पायरिंग लेखक. म्हणजे व्हायची इच्छा आहे, अजून झालेली नाही. ‘व्हेरी ॲस्पायरिंग पर्सन’ वाचून इंग्रजी वाचणारा अडखळेल. आणि ‘ॲस्पायरिंग इंजिनिअर’ तर तू मुळीच लिहू नकोस. तू इंजिनिअर आहेस, पदवी हातात आहे, दोन वर्षं साइट बघितली आहेस. ‘ॲस्पायरिंग हायड्रॉलॉजिस्ट’ (जलशास्त्रज्ञ) म्हटलं तर बरोबर होईल, कारण ते अजून व्हायचं आहे. गरज असेल तर तेवढं एकदा वापर.

‘ॲस्पिरंट’ आपल्याकडे सर्रास चालतो. सीताबर्डी, धरमपेठच्या अभ्यासिकांमध्ये यूपीएससी आणि एमपीएससीची मुलं स्वतःला तेच म्हणतात, आणि भारतात तो शब्द मानाने रुळलेला आहे. परदेशी अर्जात तू साधी ‘ॲप्लिकंट’ आहेस. ‘वुड-बी’पासून तर लांबच राहा. आपल्याकडे वुड-बी म्हणजे ठरलेला नवरा किंवा नवरी, पण इंग्रजीत ‘वुड-बी इंजिनिअर’ म्हटलं की व्हायला निघालेला पण बहुधा न होणारा, अशी छटा येते. ‘वॉनबी’ तर उघड हिणवणारा शब्द आहे.

मित्राचा ‘ॲस्पिरेशनल’ दिसायला भारदस्त आहे, पण त्याचं काम वेगळं आहे. तो प्रामुख्याने वस्तूंना लागतो, म्हणजे लोकांना ज्या हव्याहव्याशा वाटतात आणि अजून आवाक्यात नाहीत अशा: गाडी, ब्रँड, वर्धा रोडवरची नवी फ्लॅट स्कीम. सरकारी कागदात तो आणखी वेगळा. जानेवारी २०१८ मध्ये केंद्र सरकारने ‘ॲस्पिरेशनल डिस्ट्रिक्ट्स’ कार्यक्रम सुरू केला. त्यात देशातले ११२ जिल्हे आहेत, आपल्या विदर्भातले गडचिरोली आणि वाशीम त्यात आहेत, आणि त्यांना ‘आकांक्षित जिल्हे’ म्हणतात. आरोग्य, शिक्षण, पाणी अशा निकषांवर मागे राहिलेल्या जिल्ह्यांना पुढे आणायचं, हा त्यामागचा विचार. ‘मागास’ हा शिक्का टाळून हा शब्द निवडला, हे मला स्वतःला आवडलं. पण ‘ॲस्पिरेशनल कँडिडेट’ लिहिलंस तर वाचणाऱ्याला काय समजायचं तेच कळणार नाही.

तुझ्या क्षेत्रात या शब्दाचा आणखी एक उपयोग आहे तो माहीत करून घे, कारण पुढे अभ्यासात तो भेटेल. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने २०२२ मध्ये विमानांचं निव्वळ कार्बन उत्सर्जन २०५० पर्यंत शून्यावर आणण्याचं उद्दिष्ट ठरवलं. त्याचं अधिकृत नाव ‘लाँग-टर्म ग्लोबल ॲस्पिरेशनल गोल’. त्यात कुठल्याही एका देशावर ठरावीक बंधन टाकलेलं नाही. अशा कागदांत ‘ॲम्बिशस’ म्हणजे मोठं आणि करायला घेतलेलं. ‘ॲस्पिरेशनल’ म्हणजे जिकडे जायचं ठरलंय, पण नाही पोचलो तर कुणाला जाब विचारता येणार नाही. आराखड्यात दुसरा शब्द चुकून घातलास तर ‘हे करीनच असं नाही’ असा निरोप जाईल.

‘लॉफ्टी’ तू विचारला नाहीस, पण शब्दकोशात शोधायला गेलीस की तो हमखास समोर येतो. उंच ध्येयं, उदात्त आदर्श यांना तो लागतो, माणसाने स्वतःच्या ध्येयाला लावला की बढाई वाटते. सोडून दे.

मग निबंधात काय लिहायचं? ते तू मला लिहिलंच आहेस, आणि अर्जात नेमकं तेच नाही. आत्याच्या घरातला चिखल काढता काढता टेप घेऊन भिंतीवरची रेघ मोजणारी मुलगी काय आहे हे सांगायला कुठलंही विशेषण लागत नाही. बाकीचे सगळे फरशी धूत होते तेव्हा तू उंची लिहून घेतलीस. तेच पहिल्या परिच्छेदात घाल: २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट, काही तासांचा मुसळधार पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडला, अंबाझरी लेआउट, डागा लेआउटमधली घरं पाण्यात, मोरभवनचं बसस्थानक पाण्यात. मग आत्याचं घर, मग रेघ जमिनीपासून किती इंचांवर होती तो आकडा. मग प्रश्न: पाणी इथवर का आलं? हे वाचल्यावर ‘ॲम्बिशस’ हा शब्द वाचणारा आपल्या मनाने लावेल, आणि त्याने लावलेला शब्द तू लावलेल्यापेक्षा खूप जास्त मोलाचा असतो.

आता कामाला लागू. तुझा आराखडा एका वर्षात का बसत नाही ते बोटांवर मोजून बघ. इंग्लंडमधलं शिकवणीचं मास्टर्स साधारण सप्टेंबरात सुरू होतं, दोन सत्रं वर्गात जातात, आणि प्रबंधाला उरतो तो मुख्यतः उन्हाळा, जून ते ऑगस्ट. म्हणजे नेमका आपला पावसाळा. अंबाझरी, फुटाळा, गोरेवाडा, सोनेगाव, गांधीसागर, सक्करदरा, नाईक तलाव, सगळीकडचे नमुने वेगवेगळ्या ऋतूंत घ्यायचे म्हणतेस, तेव्हा तू इथे नसशीलच. नाग नदी लाव्हा गावाजवळच्या टेकड्यांपासून शहरातून कन्हानपर्यंत पायी बघायची म्हणतेस, तेव्हाही नसशील. प्राध्यापकांना फुटाळा कुठे आहे ते ठाऊक नसेल, पण यादी लांब आणि वर्ष एक, हे त्यांना दिसलं आहे.

तलावांची तपासणी काढून टाक. कठीण जाईल, माहीत आहे. हे काम महत्त्वाचंच आहे, पण ते नागपुरात राहून, दोन-तीन वर्षं, एखाद्या संस्थेच्या प्रयोगशाळेच्या आधाराने करायचं काम आहे. नीरी ही पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संशोधन संस्था १९५८ पासून याच शहरात आहे, परत आल्यावर त्या दाराशी जाता येईल. पूर्ण नदीचाही हट्ट सोड. ठेवायचा तो पूर, आणि तोही एका रात्रीचा, अंबाझरीच्या सांडव्यापासून सीताबर्डीपर्यंतच्या पट्ट्यातला. अंबाझरीचं पाणी एकोणिसाव्या शतकात शहराला पुरवायला सुरुवात झाली, म्हणजे तो तलाव मुळात तहान भागवायला होता. आता त्याच्या खालच्या अंगाला दाट वस्ती आहे. एका तलावाच्या पायथ्याशी शहर वाढलं की मुसळधार पावसात काय होतं, हा प्रश्न जगात कुठल्याही शहरात विचारला जातो, त्यामुळे इंग्लंडमधल्या माणसालाही त्यात रस वाटेल.

या कामाला तिथे बसून पुरेल एवढी सामग्री इथून नेता येते. पावसाच्या नोंदी हवामान खात्याकडे असतात, नागपुरात त्यांचं प्रादेशिक केंद्र आहे. जमिनीच्या उंचसखलपणाचे उपग्रही नकाशे फुकट मिळतात. पुराचं पाणी कसं पसरतं ते मांडणारं ‘हेक-रास’ हे सॉफ्टवेअरही फुकट आहे, आणि इंजिनिअर म्हणून ते तू ऐकलं असशीलच. सगळ्यात दुर्मीळ गोष्ट म्हणजे त्या रात्री पाणी प्रत्यक्षात कुठवर चढलं याची खूण, कारण संगणकाने काढलेलं चित्र खरं की खोटं हे त्या खुणांवरूनच तपासतात. तुझ्याकडे अशी एक खूण, मोजमापासह, आधीपासून आहे.

एका खुणेवर काम भागणार नाही. निघायच्या आधी आत्याच्या गल्लीत आणि आजूबाजूच्या लेआउटमध्ये फिर. बऱ्याच भिंतींना नंतर रंग लागला असेल, म्हणून लोकांकडे त्या दिवशीचे फोनमधले फोटो माग. जवळजवळ प्रत्येक घरात असतील, कारण नुकसानभरपाईसाठी पंचनाम्याच्या वेळी लागतील म्हणून लोकांनी काढून ठेवले होते. फोटोत पाणी खिडकीच्या चौकटीला, स्विचबोर्डला, गेटच्या बिजागरीला कुठे टेकलंय ते दिसतं, आणि चौकट, स्विचबोर्ड, बिजागरी आजही जागेवर असल्याने उंची आता जाऊन मोजता येते. मोजायला जाताना एकटी जाऊ नकोस, आत्याला घेऊन जा. ओळखीच्या बाईसोबत गेलं की लोक दार उघडतात, चहाही देतात. घरमालकाची परवानगी लिहून घे, प्रबंधाला तीही लागेल.

प्राध्यापकांना उत्तर छोटंच लिही. बारकाईने वाचल्याबद्दल आभार. मग एक वाक्य: तुमच्या सूचनेप्रमाणे तलावांचा आणि संपूर्ण नदीचा भाग काढला आहे, आता अभ्यास २३ सप्टेंबर २०२३ च्या पुरापुरता आणि अंबाझरी ते सीताबर्डी या पट्ट्यापुरता आहे. मग हाताशी असलेली सामग्री तीन ओळींत, त्यात पाण्याच्या खुणांचा उल्लेख सगळ्यात आधी. मग महिन्यांप्रमाणे कामाचं वेळापत्रक, जून, जुलै, ऑगस्ट. ‘ॲम्बिशस’ या शब्दावर काही बोलू नकोस, आभारही नको आणि स्पष्टीकरणही नको. सुधारलेला आराखडा एका पानात बसव, पीडीएफ कर, आणि नवीन मेल सुरू न करता त्यांच्या त्याच मेलला उत्तर म्हणून पाठव, म्हणजे जुना आराखडा त्यांना शोधावा लागणार नाही.